भावनाने दिलेली पन्नी

मी, श्रीमती चारुशीला विश्वनाथ उमाठे, वय एकाहत्तर वर्षे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार खामला, नागपूर, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, मोतीबिंदू काढून झाला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. वकीलसाहेबांनी दीड पानाचा मसुदा टाइप करून दिला होता. त्यात सगळे होते, फक्त मी नव्हते. म्हणून कलमे त्यांची ठेवली आणि मधला मजकूर माझा घातला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. खामल्यातले राहते घर माझ्या आणि कैलासवासी यजमानांच्या पगारातून बांधलेले आहे. ते माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा सुमंत याच्या मालकीचे होईल. अट काही नाही. विनंती एवढीच की अंगणातला कडुनिंब पाडून त्याने गाडीसाठी जागा करू नये. गाडी उन्हात उभी राहिली तर विरघळत नाही.

कलम २. दागिने व पितळेची भांडी सून मुग्धा हिला. माझ्या गादीखाली घडी घालून ठेवलेल्या पन्न्याही तिलाच. (नागपुरात प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. वकीलसाहेबांनी हा शब्द बदलू नये.) मुग्धा त्या फेकायला निघते आणि मी फाटकापासून परत आणते, हे आमचे वीस वर्षांचे भांडण आहे. आमच्या वेळी घरात एखादी पन्नी आली तर ती धुऊन, चिमटा लावून दोरीवर वाळत घालायचे आणि तिच्यावरचे दुकानाचे नाव पुसून जाईपर्यंत वापरायचे. आता भाजीवाला सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, एक आणि मिरच्यांना एक अशा वेगळ्या पन्न्या देतो. नको म्हटले तर "घ्या ना काकू, फुकट आहे" म्हणतो. मी गेल्यावर मुग्धाने सगळ्या भंगारवाल्याला द्याव्यात. एकही नालीत जाऊ देऊ नये.

कलम ३. शिलाई मशीन कॉलनीतल्या महिला बचत गटाला. निवृत्तीनंतर मी जुन्या साड्यांच्या आणि पडद्यांच्या पिशव्या शिवून घरोघरी वाटल्या. पुष्कळ घरांत त्यात आता पन्न्या भरून ठेवलेल्या आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी शिवणे बंद करू नये.

कलम ४. माझ्या तेरवीला पळसाच्या पत्रावळी असाव्यात आणि पाणी स्टीलच्या पेल्यांतून द्यावे. पेले कमी पडले तर लोकांनी पाळीपाळीने प्यावे. घाई कोणाला आहे?

कलम ५. माझे वडील बंधू मनोहरराव यांना मी काही ठेवत नाही. नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेतला माझा वाटा मी त्यांना पूर्वीच सोडून दिला आहे. सही करताना ते म्हणाले होते, "दरवर्षी मृग बहाराची एक पेटी तुझ्या घरी येईल." पेटी एकदाच आली. पण त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. उलट पुढच्या कलमात जे लिहिले आहे ते त्यांनीही वाचावे, कारण त्यांनाही मी फसवले होते.

कलम ६. हे कलम लांब आहे. सुमंतने बसून वाचावे.

१९७३ साली मी एकोणीस वर्षांची होते आणि नागपुरात मुलींच्या वसतिगृहात राहून बी. ए. करत होते. माझ्या खोलीत भावना रामटेके होती, भिवापूरची. मी आमच्या बागेतल्या विहिरीत, कंबरेला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकले होते. भावना गावच्या तलावात म्हशींच्या पाठीवरून उड्या मारत शिकली होती. म्हणजे माझ्याहून कितीतरी सरस.

एका रविवारी आम्ही फुटाळा तलावाच्या पाळीवर शेंगा खात बसलो होतो. मी म्हटले, "भावना, त्या काठाले जाऊन पाहू का पोहत?" कल्पना माझी होती. हे वाक्य पुन्हा लिहिते. कल्पना माझी होती.

भावनाचे मामा इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला होते. साड्यांच्या गठ्ठ्यावर जाड, काचेसारखी पन्नी यायची. तशा दोन तिने मामांकडून मागून आणल्या. तेव्हा अशा पन्नीचे केवढे अप्रूप! खोलीतल्या मुलींनी त्या हातात घेऊन पाहिल्या, कानाशी नेऊन वाजवल्या. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही त्या फुगवल्या, सुतळीने तोंडे आवळली, पाठीला बांधल्या आणि सलवार-कमीज घालूनच पाण्यात उतरलो. काठावरून सोपे वाटणारे पाणी आतून किती मोठे असते ते तेव्हा कळले. आमच्या पन्न्या उन्हात चमकत होत्या. साऱ्या तलावात त्या दोनच होत्या.

निम्म्यात गेल्यावर माझ्या पाठीमागे बारीक सूं असा आवाज आला. पन्नी फाटली होती. मी घाबरले, हातपाय कसेही मारू लागले, नाकातोंडात पाणी गेले. भावना वळून आली. तिने पाण्यातच आपली गाठ सोडली आणि पन्नी माझ्या छातीखाली सरकवली.

"धर ही. पाय मारत राय. बोलू नोको."

"अन् तू?"

"मले नाही लागत."

ती उरलेले अंतर तशीच पोहली, माझ्या बाजूने, माझ्या वेगाने. समोरच्या काठावर चिखलात पडून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. त्यानंतर माझे लग्न झाले, सुमंत झाला, बढत्या झाल्या, यजमानांसोबत मी बत्तीस वर्षे सुखात राहिले. पण तसे हसले नाही.

आम्हाला कोणीतरी पाहिले होते. वसतिगृहाच्या बाईंनी तार करून दादांना, म्हणजे मनोहररावांना, बोलावून घेतले. एक जरी तक्रार आली तरी शिक्षण बंद आणि लग्न, असे दादांनी मला पाठवतानाच बजावले होते. बाईंनी त्यांच्यासमोर मला विचारले, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

मी म्हणाले, "भावनाने नेलं."

भावना माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाई, असं नाही झालं."

"तुला विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या.

पुन्हा कोणी काही विचारले नाही. माझे आडनाव ऐकून माझ्यावर विश्वास ठेवणे सोपे होते आणि तिचे ऐकून तिच्यावर न ठेवणे सोपे होते. बोलताना मला हे ठाऊक होते. म्हणूनच मी बोलले. भावनाला दोन दिवसांत वसतिगृह सोडावे लागले. शहरात राहायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे कॉलेजही सुटले. ट्रंक तिने एकटीने भरली. मी बी. ए. झाले, नोकरी लागली. वरच्या कलमांत वाटलेले सगळे त्या एका खोट्या वाक्यावर उभे आहे.

मी हे पन्नास वर्षे कोणाला सांगितले नाही. यजमानांनाही नाही.

२०२३ साली गणपती झाल्यावर माझी नात नूपुर, तेव्हा वीस वर्षांची, मैत्रिणींसोबत एका तलावातले निर्माल्य आणि पन्न्या काढायला गेली. घरी सांगितले नव्हते. कंबरेला दोर बांधून आत उतरली आणि तिचा पाय गाळात रुतला. मुलींनी ओढून काढली. घरी आली तेव्हा अंगावरून पाणी निथळत होते. सुमंत ओरडला, "कोणाची अक्कल ही? त्या पोरींनी नेलं ना तुला?"

बापानेच तिला पळवाट दाखवली होती. ती म्हणाली, "नाही बाबा. माझीच होती. मीच सगळ्यांना नेलं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सुरू करून उभी राहिले.

माझी पोस्टातली ठेव मी नूपुरला देते. त्यातून तिने पोहण्याचे आणि बुडणाऱ्याला वाचवण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे. सुमंतने आडवे येऊ नये. नूपुरने पाण्यात एकटे उतरू नये आणि अंगात लाइफ जॅकेट घालावे. आम्ही मूर्ख होतो आणि वाचलो, एवढ्यावरून कोणी धडा घेऊ नये.

कलम ७. नूपुर गाळात रुतली त्याच महिन्यात मी तिला घेऊन एसटीने भिवापूरला गेले. विचारत विचारत घर सापडले. भावना पुढे डी. एड. होऊन शिक्षिका झाली होती आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, हे रस्त्यातच कळले. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला तिने लगेच ओळखले.

"काहून आली वं आता?"

"मी खोटं बोलली होती, भावना."

"मले माहीत आहे. मी तिथंच उभी होती ना."

मला रडू आले. तिने समजूत काढली नाही. उन्हात मिरच्या उलटवत राहिली. मग म्हणाली, "भिवापूरची एसटी पकडाले पन्नास वर्षं लागले तुले?" आणि नूपुरकडे वळून, "तू बस वं पोरी. चहा घेशीन का?"

माफ केले, असे ती आजवर म्हणालेली नाही. मीही विचारलेले नाही. पण दिवाळीनंतर ती खामल्याला आली आणि आता महिन्यातून एकदा येते. आम्ही भाजीला सोबत जातो. ती खुशाल पन्नी मागते, मी तिला रागावते, ती म्हणते, "माह्या गावात मी दोनशे झाडं जगवली, तू मले नोको शिकवू."

घरातली समोरची खोली भावनाला हयातभर वापरायला द्यावी, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. सुमंतची हरकत नव्हती. पण साक्षीदार म्हणूनही मला तीच हवी होती. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी फोन करून भावनाला सांगितले, "खोली तुझ्या नावानं राहू दे. साक्षीदार मी दुसरा पाहते."

"मले खोली नोको. घर आहे माझं," ती म्हणाली. "सही मी करीन."

"अवं, पण हक्काची खोली..."

"सही मी करीन म्हटलं ना."

म्हणून या मृत्युपत्राने भावना रामटेके हिला काहीही मिळत नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमचे शेजारी अनंत बोढे यांनी करावी. माझा मजकूर मी दोनदा वाचून पाहिला आहे. काही खोडायचे नाही.

लिहून ठेवणार: चारुशीला विश्वनाथ उमाठे (सही)

ठिकाण: खामला, नागपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: अनंत बोढे, वय ५८, राहणार खामला, नागपूर. (सही)
माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २: भावना धम्मानंद रामटेके, वय ७२, राहणार भिवापूर, जिल्हा नागपूर. (सही)
लिहून ठेवणारीला मी १९७२ पासून ओळखते. तिने माझ्यासमोर सही केली. हे तिने पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या कल्पनेने लिहिले आहे.