अण्णा, मेन स्विच बंद करू नका

अण्णा,

बाहेर निघताना मेन स्विच खाली करायची तुमची सवय, म्हणून ही चिठ्ठी बोर्डावरच चिकटवलीय. आज स्विचला हात लावू नका.

मागच्या खोलीत तुमचा जुना कॉम्प्युटर चालू आहे. हाव, तोच, तुमचा कॉम्प्युटर क्लास बंद पडल्यापासून तुम्ही पोत्याखाली झाकून ठेवलेला. तुमच्या कॅसेटमधला मराठी अक्षरांचा प्रोग्राम सकाळी त्यात उतरला आणि लगेच टेप तुटली. आता तो फक्त रॅम डिस्कवर आहे, म्हणजे मशीनच्या मेमरीतच केलेल्या तात्पुरत्या डिस्कवर. करंट तुटला की सगळं पुसलं जाईल. मशीन इन्व्हर्टरवर लावलंय, पण नुसत्या बॅटरीवर ते संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. लाईट गेली तर पंखा, टीव्ही लावू नका.

मी लातूरला जुनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताहेरभाईंकडं गेलेय. ह्या मशीनला चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह त्यांच्याकडं आहे. मी ती घेऊन संध्याकाळी आले की प्रोग्राम कायमचा उतरवून घेऊ. ते फोनवर विचारत होते, "एवढ्याशा मेमरीत देवनागरी बसवली कुणी?" मी म्हणलं, "आमच्या अण्णांनी, जळकोटात बसून."

तुम्हाला न विचारता पोतं काढलं, त्याबद्दल काय बोलायचं ते मी आल्यावर बोला. आधी खोलीत जाऊन बघा. भाकरी दुरडीत आहे. आई मावशीकडं उमरीला गेलीय.

तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. निघताना ती मशीनच्या पडद्यासमोर उभी राहिली आणि त्यावरची अक्षरं बघून म्हणाली, "हे तर तुझ्या अण्णाचं अक्षर हाय."

सुकन्या