दादासाहेबांचं कार्ड

१२ जून, देवास
ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत दादासाहेब, माझे थोरले दीर, सांगत होते, "नशिबात नव्हतं बिचाऱ्याच्या." नशीब! फुकट इलाजाच्या सरकारी कार्डाची माणसं आली तेव्हा ओट्यावरूनच परत पाठवली कोणी? "हमारे यहाँ खैरात नहीं लेते, भिया. पूरी गली की तरफ से बोल रिया हूँ." यादीत ह्यांचं नाव होतं. मी समोर आमच्या दाराआड. पण या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरापुढे तोंड उघडायचं नसतं.
मग दवाखाना. कार्ड नाही? पैसे घेऊन उद्या या. उद्या हे नव्हतेच.

१५ जून
निसरपूरहून वहिनीचा फोन. धरणानं गाव उठवलं, पण तिकडे घरोघरी कार्ड. तिच्या आईचं ऑपरेशन इंदूरला फुकटात झालं, म्हातारी आता पापड लाटते. आणि आमची ही जुन्या संस्थानी मानकऱ्यांची दरबारी गल्ली, एका घरात कार्ड नाही. नुसतं मिशीला तूप.

२ जुलै
सरकारी कागदपत्रांच्या कियोस्कवर नोकरी लागली. काम काय, तर कार्डं काढायची! देवा, कमाल आहे तुझी. सगळ्यांची काढीन. एक सोडून.

९ ऑगस्ट
मोठ्या जाऊबाई आल्या. दादासाहेबांच्या हृदयाची झडप गेलीय. "सत्तरीपुढे सगळ्यांना मिळतं म्हणे. तूच काढ गं." म्हटलं, चेहरा लागतो, त्यांनाच यावं लागेल. चेहरा टिपायचं मशीन घरी नेता येतं, ते नाही सांगितलं. पाप लागलं तर लागो.

११ ऑगस्ट
आले. काठी टेकत, रांगेत, अख्ख्या गल्लीदेखत. "सुधा, आमचंही कार्ड काढ."
मी पदर कपाळावर ओढला. मान खाली. रीत म्हणजे रीत.
"ऐकतेस ना?"

मागून कोणीतरी, "काकी, बोलो तो सही, दादासाहब खड़े हैं."
टेबल धरून उभे होते. ओठ निळसर. शेवटी म्हणाले, "बोल गं. बोल तू."
लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मला 'बोल' म्हणाले. त्या दिवशी ओट्यावर म्हणाले असते तर हे आज...
"उद्या या," म्हटलं.
गेले. पायरी उतरताना धाप लागली, दोनदा थांबले. मला वाटलं होतं बरं वाटेल. जेवण गेलं नाही. मशीन पिशवीत घालून घरी आणलंय. त्यांचं दार समोरच आहे.