घेतलं, की ठेवलं?

हिंगणी, मंगळवार

चि. अंकितला मामाचे आशीर्वाद. दिवसभर खुर्चीत बसून तुझी कंबर धरते असे ताई सांगत होती. आता कशी आहे? माझे ठीक आहे. (वजन उतरले म्हणतात, पण घरात काटा नाही, तेव्हा ते लोकांचे मत.)

तू फोनवर सांगितलेले तुझे काम मी तीन आठवडे मनात घोळवले. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, भासाचा कॉम्प्युटर. त्याला लाइट गेली तरी न विसरणारी, तीही भासाचीच, मेमरी. आणि दिलेले पक्के ठेवले की नुसते हातात घेतले, हे तिने वर खरे कळवायचे. नुसते घेतले असेल तर वरच्याने "आता ठेव" असा हुकूम सोडून उत्तर येईपर्यंत थांबायचे. हे मला लगेच समजले. तुझी मामी स्वयंपाकघरातून "हो" म्हणायची, ते फक्त ऐकल्याचे. पदराला गाठ मारली की काम पक्के. चौतीस वर्षे मी तिच्या पदराकडे पाहूनच निश्चिंत राहिलो.

पण तुझ्या सांगण्याने काळजी लागली. तिचा, सुलोचनाचा, अकरा सेकंदांचा आवाज तेवढा माझ्या फोनमध्ये उरला आहे. (विरजणाला दही नाही, शेजारून मागून ठेवा, एवढेच बोलली आहे.) फोन म्हणतो, ठेवला. ठेवला, की घेतला? तेव्हापासून मी फोन बंद पडू दिलेला नाही.

रविवारी सकाळपासून लाइट नव्हती. चार टक्के उरले तेव्हा जनरेटरचा आवाज ऐकून मी मंगल कार्यालयात शिरलो. आत कोणाचे तरी साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होते आणि प्लग नेमका स्टेजजवळ. फोन लावून बसतो तोच एक गृहस्थ आले. "मामाजी, तुमी इथं काऊन बसून राह्यले? वर चला, टिळा लावाचा हाय!" मी चार्जिंगला आलो आहे, असे मी सांगितले. "चार्जिंग होत राहीन हो, पोरीकडचे वाट पाहून राह्यले!" माझा स्वभाव तुला माहीत आहे. टिळा, टोपी, दुपट्टा, नारळ, सगळे झाले. (नवरदेवाचे खरे मामा नंतर आले. टोपी उरली नव्हती. मी माझी काढून दिली, तर म्हणाले, "राहू द्या, तुमालेच शोभून राह्यली.") मग पंगतीत शेजारी बसवून त्यांनी मला आग्रहाने वाढले. अडीच महिन्यांत प्रथमच कोणाबरोबर जेवलो.

तेव्हा तू स्वतः येऊन तो आवाज पक्का करून दे.

तुझा मामा,
लक्ष्मणराव

ता. क. फोनवर नुसते "येतो मामा" नको. कोणत्या गाडीने, ते कळव.

आणखी एक. खोटे लिहून पाकीट बंद करवत नाही. शेजारच्या रक्षाने तो आवाज कालच तुझ्या आईच्या फोनवर आणि आणखी दोन ठिकाणी ठेवून दिला. माझा फोन बंद करून, परत लावूनही दाखवला. ते काम आता उरलेले नाही. तू मात्र ये.