उभ्या राहिलेल्या बाया

लंडन, ९ मार्च १९८४

प्रिय मल्हारी, तुला आणि घरातल्या सगळ्यांना जय भीम.

माझी तब्येत बरी आहे, थंडी सोसते. सुमनचे गुडघे कसे आहेत?

तुझा भाचा मिलिंद इथे देशोदेशींचा सरकारी कारभार आकड्यांत मोजतो. त्याचे कागद मी शब्दकोश घेऊन वाचते.

परवा विधवा शेजारणीबरोबर पेन्शनच्या कचेरीत गेले. कारकुनाने आधी तिला बसायला खुर्ची दिली. मला रडू आवरेना. तुझे दाजी गेल्यावर मी पेन्शनसाठी नाशिकच्या कचेरीत अकरा खेपा उभी राहिले. मिलिंदच्या कागदांत हे कुठेच नाही.

दाजीही कारकूनच होते. मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा त्यांच्यासमोर बाया उभ्याच दिसायच्या. मी कधी बोलले नाही.

आता दाजींच्या त्या टेबलाशी तू बसतोस. समोर एक खुर्ची ठेव, बाबा.

तुझी अक्का