अर्धी काच झाकून

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार

आज पुन्हा जुळ्यांचं काम! ताडतेल विकणारी मोरेनिके आली, काखेत दोन वर्षांची पोर. दुसरी पोर ऑगस्टमध्ये गोवराने गेली. "फोटोवाले, दोघींचा काढून द्या," म्हणाली. पूर्वी एक जुळं गेलं की त्याची लाकडी बाहुली घडवत, तिला न्हाऊमाखू घालत, भरवत. आता फोटो करतात. उरलेल्याला दोनदा बसवायचं, एकदा त्याचं स्वतःचं म्हणून, एकदा गेलेल्याचं म्हणून. मग एकाच कागदावर दोघं शेजारी शेजारी.

अख्ख्या इकिरुन गावात हे काम आता मीच करतो. समोरच्या रंगीत फोटोंच्या स्टुडिओतल्या इवल्याशा कॅमेऱ्यांना ते जमत नाही. माझं लाकडी धूड गुरूंनी दिलेलं, भात्याला अकरा ठिगळं. काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्याला दहा वर्षं झाली. मी प्लेटेच्या खाचेत पातळ फळी बसवली, आणि तिच्यावर एक्स-रेची फिल्म कापून चिकटवतो. तिच्यापुढे काळा रंगवलेला डब्याचा पत्रा सरकतो. आधी उजवी अर्धी काच झाकायची, मग डावी. फिल्म असली तरी मी काचच म्हणतो, जुनी सवय.

पोर पहिल्यांदा शहाण्यासारखी बसली. फ्रॉक बदलून दुसऱ्यांदा बसवली, तर बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मी फोटो टिपायचा रबरी फुगा दाबायचंच विसरलो.

जाताना मोरेनिके म्हणाली, "तुम्ही केहिंदे ना? म्हणजे जुळ्यांतले, तुमचाही कोणी तायवो असेलच. कुठे असतो?"

"बाहेरगावी," मी म्हटलं. सोळा वर्षं हेच उत्तर देतो आहे.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आईने आज विषय काढलाच. तिचा उजवा डोळा गेलाय, डाव्यात धुकं. डॉक्टर म्हणतो पावसाळ्यापर्यंत तोही जाईल. जेवता जेवता म्हणाली, "केहिंदे, मला तुम्हां दोघांचा फोटो करून दे. दिसतंय तोवर."

मी ताटावरून उठलो. तो मेला असं कोण म्हणतं, विचारलं.

"तू सोडून सगळेच," ती म्हणाली.

ओरडलो तिच्यावर. या वयाच्या बाईवर! लाज वाटते आहे. पण हा फोटो काढणार नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

आमच्यात आधी जन्मतो तो तायवो, तो धाकटा. मागून येणारा केहिंदे थोरला, कारण तोच धाकट्याला पुढे धाडतो — जा, जग कसं आहे चाखून ये. मी त्याला दोनदा धाडलं. एकदा पोटातून, एकदा कुमासीला. घानात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला बरकत आहे, म्हटलं, तू पुढे हो, बघ, मग मला बोलाव. बासष्ट साल. तीसचे होतो दोघंही.

मग इथे लढाई पेटली. मी फौजेबरोबर फोटो काढायला गेलो, तापाने पडलो, सात महिने माझा पत्ता नव्हता. घरी माझ्या नावाने रडून झालं होतं, कुमासीलाही तशी चिठ्ठी गेली होती! मी दारात उभा राहिलो तेव्हा शेजारीण किंचाळत पळाली. एकोणसत्तरला घानातून आपल्या लोकांना हाकललं. लॉऱ्या भरभरून माणसं उतरली. तायवो उतरला नाही. कोणी म्हणालं दुकानाला कुलूप होतं, कोणी म्हणालं वाटेत गेला. माझी तीन पत्रं परत आली.

पण मी आलोच ना मेल्यावर? मग तो का नाही येणार? हेच घोकत बसलोय नऊ वर्षं.

२० नोव्हेंबर

दिवसभर गिऱ्हाईक नाही. समोरच्या स्टुडिओत रांग.

२७ नोव्हेंबर, सोमवार

हरमट्टान सुरू झाला. उत्तरेची धूळ ती, दारं लावा नाहीतर उघडी ठेवा, येतेच. एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही अंगांना फोटो उमटवणारा मसाला असतो. एक कण चिकटला की दोन्हीकडे ओरखडे. आज तीन फिल्मा वाया.

बायको असती तर म्हणाली असती, "ते लाकूड जाळ आणि चवळीची भजी विक." बिंपे. लागोसला बहिणीकडे चार दिवस गेली त्याला पाच वर्षं झाली. तिचं चुकलं असंही नाही. म्हणायची, "तू माझ्याशी बोलतोस ते शेजारी आणखी कोणी बसल्यासारखं." खरंच होतं. जन्मापासून शेजारी कोणीतरी होतंच. एकट्याने कसं जगतात हे मला कुणी शिकवलंच नाही. फार एकटा पडलोय. लिहून टाकलं, बरं वाटलं. नाही, तसं काही बरं वाटलं नाही.

३ डिसेंबर, रविवार

आई पुन्हा. या वेळी रडली नाही, रागावलीही नाही. चवळी निवडत बसली होती. दिसत नाही तरी बोटांनी खडे बरोबर काढते. म्हणाली, "मी त्याला मारत नाहीये रे. नऊ वर्षं मला ना त्याची वाट बघता येते, ना त्याला जेवू घालता येतं. जिवंत असेल तर फोटोने मरायचा नाही. पण गेला असेल तर नऊ वर्षं उपाशी आहे तो!"

मी तिच्यासमोरचे खडे गोळा केले.

मी म्हटलं, "आणि फोटोत तो दिसणार कसा? गेला तेव्हा तिशीचा होता. माझी तर दाढी पिकली."

"जुळ्यांचं वय एकच असतं, वेड्या."

मी हो म्हटलं.

९ डिसेंबर, शनिवार

आज बसलो. स्वतःचा फोटो मी आजवर काढलेला नाही. काढायचा तर फुगा दाबणार कोण? त्याची नळी तोकडी, खुर्चीपर्यंत पोचायची नाही. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी सात हात जोडली, टोकाला लहान मुलांना एनिमा देतात तो रबरी गोळा. तो टाचेखाली ठेवायचा. आई हसायला लागली. "एवढा मोठा फोटोवाला, आणि कशावर बसलाय बघा!"

पहिल्यांदा मी म्हणून. पांढरा अंगरखा, हात गुडघ्यांवर. उठलो, कॅमेरा झाकला, कपडे बदलले. आईने ट्रंकेतून तायवोचा निळा अंगरखा काढला, मागे राहिलेला. कापराचा वास. मला वाटलं होतं घट्ट होईल. बरोब्बर बसला! टोपी मी सरळ घातली, तर आई चाचपडत आली आणि डाव्या कानावर ओढली. "तो अशी घालायचा. तू आयुष्यभर सरळच घातलीस."

दुसऱ्यांदा टाच दाबताना काय वाटलं ते इथेही लिहवत नाही. दगड मारल्यासारखं वाटलं. त्याला.

१० डिसेंबर, रविवार

फजिती! लाल दिव्याखाली फिल्म धुतली, तर अर्धी कोरी. पत्रा आणि खुर्ची, दोन्ही सरकवायलाच विसरलो. मोरेनिकेच्या पोरीच्या वेळी विसरलो नाही, कुणाच्याच वेळी नाही. दोघं एकाच अर्ध्यात एकावर एक पडलेत. अंगरखे चिंध्यांसारखे मिसळलेत, टोप्या दोन. पण चेहरा? चेहरा एकच. नाकावर नाक, ओठावर ओठ, जराही इकडेतिकडे नाही. माझाच माझ्यावर पडलाय, बसणारच, एवढी अक्कल मला आहे. तरी फिल्म टाकवेना.

आईला सांगितलं. म्हणाली, "पोटात असेच होतात की तुम्ही दोघं. उद्या नीट काढ."

१२ डिसेंबर, मंगळवार

काढला. पत्रा सरकवला. तीनदा तपासला.

१५ डिसेंबर, शुक्रवार

मधली रेघ पेन्सिलीने भरायला दोन दिवस लागले. रेघ दिसता कामा नये, ही गुरूंची शिकवण. "फोटोत दोन माणसं दिसली पाहिजेत, दोन अर्धुकं नाही." माझ्या डोळ्यालाही आता चष्मा पुरत नाही. पण दिसत नाही रेघ. डावीकडे तायवो, उजवीकडे मी. आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यांत चांगलं. कोणाला सांगू?

२५ डिसेंबर, सोमवार

नाताळ. गल्लीत फटाके, सगळीकडे भाताचा वास. आईला फोटो दिला. नाकाला लावून, डावा डोळा अगदी कागदाला टेकवून बघितला. मग म्हणाली, "आला रे."

चवळी शिजवली होती, जुळ्यांच्या नावाने करतात तशी, ताडतेल घालून. एक वाटी फोटोपुढे, बाकी गल्लीतल्या पोरांना. पोरं तोंडं बरबटून जेवली. आई गाणं म्हणत होती, जुळ्यांचं, मला वाटलं विसरली असेल. मी मात्र घास ताटात परत ठेवला. तिची वाट बघणं संपलं आणि माझं एकट्याचं उरलं. तिचा राग आला. आपल्या आईला सुख झालं म्हणून राग येणारा मी काय माणूस आहे!

३१ डिसेंबर

आई आज फोटोशी बोलत होती. माझ्याबद्दल तक्रार करत होती.

७ जानेवारी १९७९, रविवार

फोटोची आणखी एक प्रत काढली, आणि दुकानाच्या दर्शनी काचपेटीत लावली. लग्नातल्या नवरानवरींचे फोटो हटवले, मधोमध आम्ही. समोरचा रंगीतवाला आला, म्हणाला, "अहो दादा, मेलेल्याचा फोटो दारात लावून कोणी गिऱ्हाईक येतं का?" मी म्हटलं, एरवी तरी कुठे येतंय. त्याला हसू आलं, मलाही.

का लावला? नऊ वर्षं कोणी विचारलं की "बाहेरगावी" म्हणून तोंड लपवलं. आता नाही. आम्ही दोघं होतो, बघा. एवढंच.

१८ जानेवारी, गुरुवार

घाईत लिहितोय, अक्षर कसंही येऊ दे.

लॉरी बिघडून गावात अडकलेली एक दणकट बाई दुपारी काचपेटीपाशी थांबली. हज केलेली, म्हणून अल्हाजा सफुरातू, कुमासीहून कोलाच्या बिया आणते. फोटो बघितला, तरातरा आत आली, मला बघितलं, आणि कमरेवर हात! "तायवो! तीन आठवडे मला 'उद्या या, उद्या या' करतोस, आणि इथे येऊन लपलास? आधी माझं घड्याळ दे! आणि दुकानातला फोटोही काढून आणलास होय? मधली रेघ बरी पुसून घेतलीस!"

कुठलं दुकान, विचारलं.

"कुठलं काय, तुझं! कुमासीतलं! डावीकडे तू, उजवीकडे लढाईत गेलेला तुझा थोरला. तूच सांगितलंस ना? मी म्हटलं, अरे घरी जा, आई असेल. तर म्हणालास, हा चेहरा घेऊन तिच्यापुढे एकटा कसा उभा राहू, तिला माझ्यात तोच दिसेल."

तो उजवीकडचा, लढाईत गेलेला थोरला मीच, हे तिला तीनदा सांगावं लागलं.