बोका आणि मोठ्या मॅडमचा चहा

२ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे, आणि मी आता मोठा व्हायच्या बेतात आहे.

मोठ्या मॅडम महिनाअखेर रिटायर होतायत. हाउसकीपिंगच्या हेड. हॉटेलातल्या सगळ्या खोल्या, चादरी, टॉवेल, नळ, संडास, सगळं त्यांच्या हाताखाली. त्यांच्या खुर्चीसाठी दोनच नावं आहेत. एक मी, फ्लोअर सुपरवायझर. दुसरा लाँड्रीचा सुपरवायझर, ज्याला सगळे इस्त्री म्हणतात. त्याची माझी बरोबरीच नाही. माझं नाक अख्ख्या हॉटेलात प्रसिद्ध आहे. बंद दाराबाहेर उभा राहून सांगतो, आत कुणी सिगारेट ओढली का ते. एकदा चुकलो होतो, पण तेव्हा सर्दी होती.

आमच्याकडे जुनी पद्धत आहे. जाणारा हेड उमेदवारांच्या घरी न कळवता चहाला जातो. ज्याला स्वतःचं घर ताजं ठेवता येत नाही, त्याच्या हाती हॉटेल द्यायचं नाही. मोठ्या मॅडम स्वतः अशाच निवडल्या गेल्या.

म्हणजे खुर्ची आणि मी यांच्यामध्ये फक्त घराचा वास आहे. आणि घरात कुत्रा आहे.

३ मार्च

कुत्र्याबद्दल एकदाचं सगळं लिहून टाकतो.

कुत्रा आमच्या लेकीचा. नोकरीसाठी परगावी गेली आणि थोडेच दिवस सांभाळा हं बाबा, असं म्हणून इथे टाकून गेली. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. नाव ठेवलंय बोका. कुत्र्याचं नाव बोका! मला यातला विनोद अजून कळलेला नाही. आणला तेव्हा उशीएवढा होता, आता गादीएवढा झालाय. लाळ गळते. सोफ्यावर गळते, चपलेत गळते, काल माझ्या मांडीवर गळली, गरम. कानांना ओल्या पायमोज्यांचा वास येतो. तोंडाला कसला येतो ते लिहवत नाही. शी! मधूनच आवाज न करता मागून सोडतो आणि वळून माझ्याकडे बघतो, जणू मीच सोडला.

बायकोला यातलं काहीच खुपत नाही. लेक होण्याआधी ही आमच्याच हॉटेलात फ्लोअर सुपरवायझर होती, मोठ्या मॅडमच्या तालमीतली. पण तो जमाना वेगळा. हिचं म्हणणं एवढंच की त्याच्या गादीचा अभ्रा नेमाने धुवायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, ओला झाला की कोरडा करायचा. मला हसू आवरेना. एवढ्याने भागलं असतं तर सुपरवायझर कशाला लागले असते?

हिला बजावलंय, महिनाभर घर माझ्या ताब्यात. लुडबुड करायची नाही. बरं म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

५ मार्च, सकाळी ७

पहिली पायरी : कॉफी. कॉफी वास शोषून घेते. कोपऱ्याकोपऱ्यात कॉफीच्या पुडीच्या वाट्या ठेवल्या.

५ मार्च, सकाळी ७:२०

बोका प्रत्येक वाटीत नाक घालून शिंकला.

५ मार्च, संध्याकाळी

चादरीवर तपकिरी पावलं. भिंतीवर तपकिरी लाळ. दुधाच्या पातेल्यात एक केस, लांब, काळा. ही म्हणाली, आता घरात कॉफीही आहे आणि कुत्राही. टोमणे मारणं सोपं असतं.

८ मार्च

सुट्टी. गालिच्याचा बंदोबस्त केला. खाण्याचा सोडा पसरला आणि वरून व्हिनेगर ओतलं. दोन्ही वेगवेगळे चांगले, म्हणजे एकत्र दुप्पट चांगले असणार. फसफसून फेस आला. बघायला मजा वाटली. बोक्यालाही वाटली असावी, कारण तो लगेच येऊन फेसात लोळला आणि मग, कसं लिहू, फेसावर पाय वर केला.

गालिचा आता ओला आहे. तळव्याखाली पचपचतो. खालून जुन्या फडक्यासारखा काहीतरी कुजका वास वर येतोय. मला दोनदा ओकारी आली. चूक गालिच्याची आहे, फार जाड आहे. ही म्हणाली, गच्चीवर उन्हात टाकूया. मी म्हटलं, प्रक्रिया पूर्ण होऊ दे.

१० मार्च

बोक्याला आंघोळ घातली. हॉटेलातल्या छोट्या बाटल्यांमधला शांपू वापरला (क्वालिटी तपासण्यासाठी घरी आणाव्या लागतात). त्याने बाथरूमभर अंग झटकलं. केस आरशावर, केस दातांच्या ब्रशवर, एक केस माझ्या घशात. निम्मा ओला असतानाच निसटला आणि सरळ आमच्या पलंगात शिरला. कोरडा कुत्रा वास मारतो. ओला कुत्रा म्हणजे तोच वास, पण वाफेवर शिजवलेला.

उशी उलटी करून झोपलो. दुसऱ्या बाजूलाही तोच वास होता.

११ मार्च

युनिफॉर्मचा कोट सकाळी पुन्हा खाली पडलेला. दाराजवळची खुंटी ढिली असणार. बोका नेमका त्यावरच पसरला होता, घोरत. कोट झटकला, वर लॅव्हेंडरचा स्प्रे मारला आणि निघालो.

ही म्हणते, कोट लाँड्रीत दे. म्हणे लाँड्रीत दे! हॉटेलची लाँड्री म्हणजे इस्त्रीचं राज्य. शत्रूच्या हाती स्वतःचा कोट कोण देतं? बटणं तोडून ठेवील, कॉलर जाळील. खुर्ची मिळेपर्यंत माझा कोट त्याच्या मशीनमध्ये जाणार नाही. महिना झाला, अंगावरच आहे, आणि बघा, एकसुद्धा बटण तुटलेलं नाही.

१३ मार्च

खळबळजनक. तिसऱ्या मजल्यावर कुत्रा आहे!

खोल्या तपासायला शिरलो आणि वास आला. हलका, पण नक्की. हॉटेलात पाळीव प्राण्यांना सक्त मनाई. कुणीतरी पाहुण्याने लपवून आणलाय. तिसऱ्या मजल्याच्या मावशींना विचारलं, वास येतोय ना? त्या म्हणाल्या, साहेब, तुम्ही येण्याआधी नव्हता. वयाप्रमाणे नाक उशिरा काम करतं, त्यांना दोष देत नाही.

नाकाने आज नोकरीचं सार्थक केलं. हे प्रकरण मी एकट्याने उघडकीला आणलं की खुर्चीचा विषयच मिटला.

१५ मार्च

वास लिफ्टमध्येही आहे. म्हणजे कुत्र्याला लिफ्टने नेतात-आणतात. वास जिन्यातही आहे. म्हणजे कधी जिन्याने. पाहुणा महा बेरकी आहे. दुपारी जीएमच्या, म्हणजे जनरल मॅनेजरच्या, केबिनमध्ये याचाच रिपोर्ट द्यायला गेलो, तर तिथेही! जीएमनी उठून खिडकी उघडली आणि रुमाल नाकाला लावला. त्यांनाही आला, म्हणजे माझं निदान बरोबर. तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. प्रभावित झालेले दिसले.

१७ मार्च

घरी आलो तर बोका सोफ्यावर, आणि सोफ्यावर जे होतं ते. कचऱ्याच्या डब्यातून माशाची डोकी काढून खाल्ली, मग ती जशीच्या तशी परत काढली, मग त्यात लोळला. डोळे शाबूत होते. माशाचे. माझ्याकडे बघत होते.

तोंड दाबून पळालो. बाथरूममध्ये गेलो तर तिथे मोरीत केसांचा बोळा, शेवाळासारखा हिरवट, बोटांनी ओढून काढला. हे घर आहे का उकिरडा? लेकीला फोन करून चांगलं सुनावलं. ती म्हणाली, बाबा, त्याला माझ्याकडून पापा द्या.

१८ मार्च

शेवटचं शस्त्र. प्रत्येक सॉकेटला सुगंधी मशीन लावलं. बैठकीत गुलाब, बेडरूममध्ये समुद्र, स्वयंपाकघरात लिंबू, पॅसेजमध्ये चंदन. खिडक्या गच्च बंद, सुगंध वाया जायला नको. हिचं डोकं चढलं, ही बाल्कनीत जाऊन बसली. बोकाही तिच्यासोबत. दोघांची जोडी जमलीय.

२० मार्च

जिंकलो!

आज घरी पाऊल टाकलं आणि काहीच वास आला नाही. ना कुत्रा, ना गालिचा, ना मासा. गुलाबसुद्धा नाही. शुद्ध, निखळ, कोरी हवा. ही म्हणाली, तुमचं नाक बधिर झालंय, मला इथे दारातून आत यायची शिसारी येते. हिला माझं यश बघवत नाही, दुसरं काही नाही.

बातमी : मोठ्या मॅडम काल इस्त्रीकडे जाऊन आल्या. म्हणे सगळं घर टापटीप, पण चहा पाणचट होता. आता माझी पाळी. कधीही येऊ देत, मी तयार आहे.

२३ मार्च

भयंकर दिवस. क्रमाने लिहितो.

हिने सकाळी मला लवकर पिटाळलं. मीही गेलो, कारण आज तिसऱ्या मजल्यावर धाड घालायची होती. घरात कसला वास आला नाही, पण हॉटेलात पोचेपर्यंत नाक उघडलं आणि कोपऱ्यातल्या खोलीत वास आलाच. त्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई उतरल्यात. त्यांच्याकडे मोठी, गोल, जाळीची बॅग आहे. कुत्र्याची नाही तर कशाची? दार वाजवलं, नियम सांगितला, आणि त्या नको नको म्हणत असताना पलंगाखाली शिरलो. पलंगाखाली त्यांच्या चपला होत्या. बॅगेत लोकर होती. स्वेटर विणतात.

बाई म्हणाल्या, वास आहे खरा, पण तो तुमच्याबरोबर आत आला. हे त्या मावशींसमोर म्हणाल्या, मग खाली रिसेप्शनवर म्हणाल्या, मग जीएमना म्हणाल्या. जीएम म्हणाले, कोट काढा. काढला. त्यांनी तो दोन बोटांत धरून बाहेर नेला. कोटाला इतके केस होते की माझाच मला ओळखू येईना. मग केबिनमध्ये वास नव्हता. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन बघतो तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मशीनं पिशवीत भरून दाराबाहेर. गालिचा गच्चीवर. सोफ्याचे अभ्रे, बोक्याच्या गादीचा अभ्रा, पडदे दोरीवर. बोका पुसून, विंचरून, कोरडा. मी गेल्यावर हिने लुडबुड केली. सरळसरळ विश्वासघात.

आणि मी हॉटेलात असताना, हे सगळं आवरून ही केस बांधत होती तेवढ्यात बेल वाजली होती. मोठ्या मॅडम.

२४ मार्च

शांतपणे विचार केला, आणि सगळं ठीक आहे.

ही सांगते, मॅडम दोन तास बसल्या. दोन कप चहा. जुन्या गप्पा निघाल्या. बोक्याने त्यांच्या पायावर हनुवटी टेकवली, तर त्यांनी त्याच्या कानाचा वास घेऊन पाहिला आणि छान म्हणाल्या. माझा कोट रोज रात्री कुणाचं अंथरूण होतो ते त्यांना हिने सांगितलं म्हणे, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हे सांगायची काय गरज होती? असो. जाताना मॅडम म्हणाल्या, कुत्रा असून इतकं ताजं घर मी पाहिलं नाही.

इतकं ताजं घर! घर पास! पद्धत घराचीच आहे, कोटाची नाही. कोट अपवाद धरतील. आणि घर कुणाच्या नावावर आहे? माझ्या.

२७ मार्च

जीएमनी उद्या बोलावलंय. मॅडमही असणार. भाषण तयार केलं. आरशासमोर म्हटलं. हिलाही उद्या हॉटेलात बोलावलंय. पत्नीसह सत्कार असावा.

२८ मार्च

सत्कार नव्हता.

मॅडम म्हणाल्या, तुमचं घर आतापर्यंतच्या सगळ्या घरांत पहिलं आलं. मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, बसा. मग म्हणाल्या, पद्धत अशी आहे की ज्याने घर ठेवलं त्याला हॉटेल द्यायचं. मी पुन्हा उभा राहिलो. यावेळी त्यांनी बसा म्हटलं नाही, कारण त्या हिच्याशी हात मिळवत होत्या.

मी म्हटलं, मधे इतकी वर्षं गॅप आहे. जीएम म्हणाले, गॅपमध्ये त्यांनी कुत्रा, लेक आणि तुम्ही, तिघांनाही सांभाळलंय. इस्त्रीने टाळ्या वाजवल्या. त्याला मनापासून आनंद झालेला दिसला, याचं मला जास्त लागलं.

मला पार्किंग सांभाळायला दिलंय. मोकळी हवा असते तिथे, असं जीएम म्हणाले.

हिने मला रात्री विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का? नाही म्हटलं. वाटलं. फार वाटलं. खुर्चीसाठी महिनाभर मी धडपडलो, आणि हिने ती आयुष्यात एकदाही मागितली नव्हती.

१ एप्रिल, सकाळी

आजची तारीख बघून मला शेवटपर्यंत आशा होती की सगळे चेष्टा करतायत.

ही नव्या युनिफॉर्ममध्ये तयार झाली. कडक कॉलर, छातीवर नावाची पट्टी. चांगली दिसत होती, खोटं कशाला बोलू? मी पार्किंगचा नवा कोट चढवून दारात उभा होतो. ही थांबली. हात पुढे करून माझी कॉलर सरळ केली, खांद्यावरचा एक केस उचलला. मला भरून आलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं.

तेवढ्यात हिने स्वतःची बोटं नाकाशी नेली, चपला काढल्या आणि आत जाऊन साबणाने हात धुतले.