बापाच्या छातीवरचं लेकरू

अवं सुदामचे बापू,

तुमी देवाघरी गेल्यापासून तुमाला दोन ओळी लिहिल्या न्हाईत. माझी शाळा तिसरीपत्तरची, अक्षर उंदरानं कुरतडल्यावानी येतं. पर ह्या आठ-दहा दिसांत बीडच्या दवाखान्यात जे बघितलं ते दुसऱ्या कुणाला सांगू? तुमच्या लेकानं चार बायांच्या देखत सदरा काढला!

घाबरू नका. तुमी आजोबा झालात! नात झाली. पर दिस भरायच्या आत आली, वीतभर जीव. सूनबाईला झटके आले, ती अजून दुसऱ्या खोलीत निजून हाय. मग सिस्टरनं सुदामलाच आत घेतलं, खुर्चीत बसवलं, उघड्या छातीवर लेकरू ठेवलं अन् वरून फडक्यानं बांधलं. बाप्या माणसाला! मी वरडलेच, "अगं बाई, सुवेर हाय! बारा दिस बाप शिवत न्हाई लेकराला!"

ती म्हणाली, "आजी, तोवर लेकरू गार पडंल. हिला अंगाची ऊब लागती. आईची नसंल तर बापाची."

वरून सुदाम म्हणतो, "आई, हळू बोल, झोपलीय ती." धारूरच्या बाजारात ज्याचा आवाज शेवटच्या दुकानापत्तर जातो, तो आता खोकलाबी दाबून धरतोय!

पर 'गार पडंल' ऐकलं अन् मी म्होरं होऊन लेकरावरचं फडकं नीट केलं. आपली पहिली आठवती का? तीबी अशीच बारीक. सुपात, चिंध्यांत निजवलेली. मी तापानं फणफणलेली. तुमी दाराबाहेरून "रडली का?" एवढंच इचारायचे. ती गार पडत गेली, अन् आपण म्हणलो देवानं नेली.

अवं, तुमची एवढी रुंद छाती भिंतीपल्याड होती की हो! कावून आत आला न्हाई? आला असता तर आत्याबाईंनी हाकललं असतं, मीबी हाकललं असतं. तरी यायचं एकडाव!

असं किती घरांत झालं असंल?

इथला चा म्हणजे नुसतं पाणी, पर पोरगी दूध ओढतीय, गालाला मांस धरतीय. डाक्टर म्हणले, आता काळजी न्हाई. सुदाम दमला की मी बसते, चोळी सोडून. तिचं इवलं नाक माझ्या हाडाला घासतं. लई ग्वाड वाटतं बघा!

आता तुमाला शब्द देते. आपल्या आळीत असं बारीक लेकरू आलं अन् त्याचा बाप बाहेर घुटमळताना दिसला, तर मी त्याला दंडाला धरून आत वढीन. दवाखान्याची गाडी येईस्तवर लेकरू त्याच्या छातीवरून हलू देणार न्हाई. कुणी कितीबी सुवेर सुवेर वरडू द्या.

तुमचीच,
सुदामची आई